ऑईल कूलरच्या नळ्या: दाबाचं विचारलंत, तापाचं राहिलं

मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडला गायमुखच्या रांगेत गाडी अर्धा तास अडकते आणि एसीच्या वाऱ्यातून जळक्या तेलाचा वास येऊ लागतो. दुसऱ्या दिवशी गाडी रॅम्पवर. मिस्त्री खालून टॉर्च मारतो, एका पाईपवरून बोट फिरवतो आणि काळं झालेलं बोट समोर धरतो. "साहेब, ऑईल कूलरचा पाईप गेला. कंपनीचा मागवला तर महिना जाईल, पैसेही तसेच. वागळे इस्टेटला बनवून आणतो. दोनशे बारचा टाकतो, गाडी जाईल पण पाईप जाणार नाही."

गाडीवाल्याला कूलर कुठे असतो तेही नीट माहीत नसतं. बार हे दाबाचं माप. 'दोनशे बार' ऐकायला भक्कम वाटतं, म्हणून तो हो म्हणतो. असा बनवून घेतलेला पाईप कधी गाडी विकेपर्यंत कोरडा राहतो, कधी आठ महिन्यांत पुन्हा ओला होतो. बाहेरून पाईप बनवून घेण्यात चूक काहीच नाही. मात्र त्या दोनशे बारच्या पलीकडचे चार-पाच प्रश्न विचारता आले पाहिजेत.

## तेलाला थंड कशाला करायचं?

इंजिन ऑईल घासणाऱ्या भागांमध्ये थर धरून ठेवतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं दुसरं काम उष्णता वाहून आणण्याचं. पिस्टनची खालची बाजू, क्रँकची बेअरिंग अशा ठिकाणी रेडिएटरचं पाणी पोचत नाही. तिथे तेलच पोचतं. साध्या चालवण्यात तेल ९० ते ११० अंश सेल्सिअसला राहतं. भरलेली गाडी बोरघाट चढते तेव्हा ते १२०-१३० पर्यंत जाऊ शकतं. डब्यातलं घट्ट तूप कढईत कसं पाण्यासारखं पळतं, तसं तेलही तापेल तसं पातळ होतं आणि बेअरिंगमधला थर बारीक होत जातो. शिवाय ढोबळ हिशेब असा की तेलाचं कामाचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं.

ऑईल कूलर म्हणजे तेलाचा छोटा रेडिएटर. त्याचे दोन प्रकार. पहिल्यात तेलाची उष्णता कूलंटच्या पाण्याला दिली जाते. हा कूलर बहुधा ऑईल फिल्टरच्या बुडाशीच बसवलेला असतो. दुसरा वाऱ्यावर चालतो. तो पुढे, रेडिएटरच्या शेजारी किंवा समोर असतो. इंजिनपासून त्याच्यापर्यंत एक जाणारी आणि एक येणारी, अशा दोन नळ्या लागतात. आपला विषय या दोन नळ्यांचा.

## माझ्या गाडीत त्या आहेत का?

बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत नसतात. फिल्टरच्या बुडाशी बसलेल्या कूलरला लांब तेलनळ्या लागतच नाहीत. तो आतून फुटला तर कूलंटच्या टाकीत चहावरच्या सायीसारखा तपकिरी थर दिसतो. तो वेगळा आजार, त्याचा पाईपशी संबंध नाही.

नळ्या असतात त्या समोर हवेवरचा कूलर असलेल्या गाड्यांत आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिक गाड्यांत. अशा ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, बऱ्याचदा रेडिएटरच्या टाकीतून फिरून परत येतं. एएमटी म्हणजे मुळात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर आपल्या जागी यंत्र टाकतं. त्याला असल्या नळ्या नसतात. एएमटी गाडीला कोणी 'गिअर ऑईल कूलरचा पाईप' सांगितला तर तो दाखवायला सांगा.

कुठलं तेल गळतंय हे रंगावरून बऱ्यापैकी कळतं. एटीएफ बहुधा लालसर, जुनं झालं की तपकिरी. इंजिन ऑईल तपकिरी-काळं. बाजूच्या सीटखाली पडणारं बिनरंगी, बिनवासाचं पाणी एसीचं. त्याची काळजी नको.

## नळी शाबूत दिसते, मग गळते कुठून?

मूळ नळी तीन तुकड्यांची असते: दोन टोकांना लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पाईप, मध्ये रबर. इंजिन आपल्या माउंटिंगवर डुलतं आणि कूलर बॉडीला घट्ट असतो, म्हणून मधला तुकडा लवचीक लागतो. रबर आणि धातू जिथे भेटतात तिथे धातूची कॉलर दाबून बसवलेली असते. या दाबण्याला क्रिंप म्हणतात.

कुकरची रिंग आठवा. चार वर्षांनी ती फाटलेली नसते, पण कडक झालेली असते. बोटाने दाबली तर परत फुगत नाही आणि कुकर कडेने वाफ सोडतो. कॉलरखाली रबराचं नेमकं हेच होतं. मधला रबर ठणठणीत दिसतो, आणि कॉलरच्या तोंडाशी तेलाचं बारीक कडं धरतं, त्यावर धूळ बसते, मग काळा मेणासारखा थर होतो. बहुतेक गळत्या इथल्याच.

दुसरी जागा पाईप बॉडीला धरणाऱ्या क्लिपखालची. तिथे चिखल अडकतो आणि सुकत नाही. ऐरोली, वाशी, पाम बीच रोडच्या खाडीकडच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे लोखंडी पाईप याच ठिकाणी आधी गंजतात. वरून फक्त रंगाचा फुगवटा दिसतो. क्लिप काढली की खाली खड्डे. तिसरी जागा कूलरच्या जोडातली ओ-रिंग (रबरी कडी) किंवा तांब्याचा वॉशर. गळती तिथेच असेल तर पाईप बदलायची गरज नाही, वॉशरवर काम भागतं.

म्हणून आधी खात्री करा. सगळा भाग डीग्रीझरने धुवा, हवा मारून पूर्ण कोरडा करा आणि जोडांवर, कॉलरवर टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी १०-१५ किलोमीटर फिरवून आणून लगेच खालून बघा. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. वाऱ्याने तेल मागे उडतं, त्यामुळे सगळ्यात ओला भाग आणि गळका भाग बहुधा एक नसतात. ही दहा रुपयांची पावडर न वापरल्यामुळे चांगले पाईप बदलले जातात आणि गळणारी व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट तशीच राहते.

## दोनशे बार कशाला हवेत?

नकोतच. इंजिन गरम असताना आयडलिंगला तेलाचा दाब साधारण १ ते २ बार असतो, चालत्या गाडीत ३ ते ५. सकाळी थंड इंजिनला एकदम रेस दिली तर ६-७. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतात, त्यावरून अंदाज घ्या. ऑटोमॅटिकच्या कूलर नळीत तर दाब याहूनही कमी.

हायड्रोलिकच्या दुकानात मिळणारा नेहमीचा अर्धा इंची, एका जाळीचा होज (आत स्टीलची जाळी असलेली रबरी नळी) ईएन ८५३ १एसएन या युरोपीय मानकाचा असतो. त्याचा कामाचा दाब १६० बार. गरजेच्या वीसपट! पण त्याच मानकात तापमानाची वरची मर्यादा १०० अंश आहे, कारण आतला थर नायट्राईल रबराचा असतो. प्लास्टिकची बादली वीस लिटर पाणी आरामात पेलते, म्हणून तिच्यात पाणी गॅसवर तापवायला कोणी ठेवत नाही.

"जेसीबीला, ट्रकच्या टिपरला हाच होज वर्षानुवर्षं चालतो," असं दुकानदार म्हणेल आणि ते खरंच आहे. पण जेसीबीचं हायड्रोलिक तेल थंडच ठेवायचं असतं. ते ८०-९० च्या वर जायला लागलं तर यंत्रात बिघाड समजतात. तुमचं इंजिन ऑईल रोज त्याच्या वर असतं. नायट्राईल त्या तापाला फुटत नाही, हळूहळू कडक होतं. मग तीच कुकरच्या रिंगची गोष्ट: क्रिंप पाझरू लागतो, आणि दुकानदार शपथेवर सांगतो की दोनशे बारचा पाईप गळूच शकत नाही.

## मग कुठला होज घ्यायचा?

आधी काय घ्यायचं नाही ते. रेडिएटरचा किंवा हीटरचा होज कधीच नाही. तो ईपीडीएम रबराचा असतो. पाण्याला उत्तम, पण तेलात फुगून मऊ पडतो. पेट्रोलचा साधा होजही नको.

इंजिन ऑईलसाठी दोन पर्याय ठीक आहेत. एक, १५० अंशांची मर्यादा अंगावर छापलेला उष्णता सोसणारा रबरी होज. तो वळायला मऊ, क्रिंप करायला सोपा. दुसरा, आतून टेफ्लॉनचा आणि बाहेरून स्टीलच्या वेणीचा होज. त्याचं मानक एसएई १०० आर१४, तापमान उणे ५४ ते २०४ अंश. टेफ्लॉन म्हातारं होत नाही म्हटलं तरी चालेल. ऑटोमॅटिकच्या एटीएफसाठी एसएई जे१५३२ हे खास मानक आहे. ते छापलेला होज मिळाला तर डोळे मिटून घ्या. १एसएन मी फक्त एटीएफच्या परतीच्या नळीला, आणि तेही दोन-तीन वर्षांनी बदलायच्या बोलीवर, चालवून घेईन.

टेफ्लॉन घेताना एक फसगत ठरलेली. होजचा नंबर सोळांश इंचात असतो: ६ नंबर म्हणजे ६/१६, ८ नंबर म्हणजे अर्धा इंच. पण हायड्रोलिकच्या ८ नंबर होजचं आतलं भोक १२.७ मिलिमीटर, तर टेफ्लॉनच्या ८ नंबरचं साधारण १०.३. दिसायला फरक अडीच मिलिमीटरचा. पण तेलासारखा द्रव संथ वाहतो तेव्हा भोक जितकं बारीक, तितका नळीचा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२.७ भागिले १०.३, त्याचा चौथा घात: सुमारे २.३. म्हणजे त्याच लांबीत तेलाला सव्वादोन पटीहून जास्त जोर लावावा लागणार. बारीक स्ट्रॉने घट्ट मँगो शेक ओढून बघा. मूळ नळीचं भोक १२-१३ मिलिमीटर असेल तर टेफ्लॉनमध्ये १० नंबर मागा, ज्याचं भोक १२.७ येतं.

टेफ्लॉनची आणखी दोन दुखणी. एकदा मुडपला की तिथे कायमची घडी पडते, पुन्हा गोल होत नाही. असा तुकडा टाकूनच द्यायचा. आणि बाहेरची स्टीलची वेणी कानशीसारखी असते, शेजारची वायर किंवा एसीचा ॲल्युमिनियम पाईप काही महिन्यांत कापून काढते. वरून रबरी किंवा कापडी आवरण घातल्याशिवाय ती गाडीत बसवू नये.

## आटे: सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात

नट हाताने दोन फेरे गेला म्हणजे आटे जुळले, असं नाही. गाड्यांत मेट्रिक आटे असतात, उदाहरणार्थ एम १८ किंवा एम २२, दोन्हींचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिलिमीटर. हायड्रोलिकच्या दुकानात बीएसपी (ब्रिटिश पाईपचे आटे) आणि जेआयसी (अमेरिकन इंची आटे) जास्त. जेआयसीचा ७/८ इंच, इंचाला १४ आट्यांचा निपल (बाहेरून आटे असलेलं टोक) बाहेरून २२.२ मिलिमीटर भरतो आणि एम २२ च्या भोकात दीड-दोन फेरे जातो. मग अडतो. कामगार पाना लावतो, कूलर ॲल्युमिनियमचा असतो, आणि पाईपच्या कामाचं कूलरचं काम होतं. व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा, आटे मोजायच्या पट्टीने पिच बघा. पट्टीचे दात आट्यांत पूर्ण बसले पाहिजेत. उजेडासमोर धरली की फट लगेच दिसते.

दुसरी खोच शंकूच्या कोनाची. जेआयसी फिटिंगमध्ये तेल आट्यांवर अडत नाही, ३७ अंशांच्या उतारावर धातूला धातू टेकून अडतं. आट्यांचं काम फक्त दाबून धरायचं. रेफ्रिजरेशनच्या फ्लेअर फिटिंगचा उतार ४५ अंशांचा असतो. गंमत अशी की ८ नंबरला दोन्हींचे आटे एकच: ३/४ इंच, इंचाला १६. स्प्लिट एसीचा अर्धा इंची पितळी नट जेआयसीच्या निपलवर सुंदर चढतो, घट्ट बसतो आणि गळतो. कितीही आवळा. मग कोणीतरी टेफ्लॉन टेप गुंडाळतं. उताराच्या जोडावर टेपचा उपयोग शून्य. उलट तिचे तुकडे तेलात सुटतात आणि पिस्टनवर तेल मारणाऱ्या बारीक नोझलपर्यंत जाऊन बसतात. टेप किंवा पेस्ट लागते ती फक्त निमुळत्या आट्यांना.

पूर्वी कूलर नव्हता आणि आता नव्याने बसवताय, तर फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये एक चकती येते, सँडविच प्लेट. फिल्टरचे आटे बहुधा ३/४-१६ किंवा एम २० × १.५ असतात. पहिला १९.०५ मिलिमीटर, दुसरा २०. एम २० चा फिल्टर १९.०५ च्या स्टडवर चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, पण आट्यांनी नीट पकड घेतलेलीच नसते. थंडीत रेस दिली की तो निघून येऊ शकतो. पंप मिनिटाला चेंबरमधल्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या कितीतरी पट तेल फिरवत असतो, त्यामुळे चार-पाच लिटरचा चेंबर रिकामा व्हायला एक मिनिटही लागत नाही.

## दुकानात काय न्यायचं, काय सांगायचं?

जुना पाईप अख्खा न्या, कापलेला नको. काढण्याआधी गाडीत बसलेला असतानाच तीन-चार बाजूंनी फोटो घ्या, आणि कूलरकडचं टोक, इंजिनकडचं टोक पांढऱ्या पेंटने खूण करून ठेवा. वागळे इस्टेटमध्ये, तसंच रबाळे-महापे-तुर्भेच्या एमआयडीसी पट्ट्यात होज क्रिंप करणारी दुकानं कारखान्यांच्या रोजच्या कामावर चालतात. त्यांना नमुना हातात मिळाला की काम चोख होतं. फोनवर 'दोन फुटाचा पाईप' सांगितलं की नाही.

लांबी जशीच्या तशी घेऊ नका. दाब आल्यावर होज २ टक्के लांब किंवा ४ टक्के आखूड होऊ शकतो, आणि इंजिन डुलतं ते वेगळंच. ६०० मिलिमीटरच्या होजला २५-३० मिलिमीटर जास्त ठेवा. वळणाकडेही बघा: अर्धा इंची १एसएन होज १८० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा तंग वळवायचा नसतो. जागा नसेल तिथे ४५ किंवा ९० अंशांचं वाकडं फिटिंग घ्यायचं, होज मोडायचा नाही.

दोन्ही टोकांना वाकडी फिटिंग असतील तर सगळ्यात महत्त्वाचं माप असतं एका टोकाचं तोंड दुसऱ्याच्या तुलनेत कुठे वळलंय. घड्याळासारखं सांगा: "हे टोक बारावर धरलं तर ते टोक चारावर." क्रिंप झाल्यावर फिटिंग होजवर फिरत नाही. वीस अंशांची चूक झाली तर बसवणारा होजला पीळ देऊन जुळवतो, आणि पिळलेला होज दाब आला की सरळ व्हायला बघतो, म्हणजे नट सैल करत राहतो. होजच्या अंगावरची छापील रेघ बसवल्यावर सरळ दिसली पाहिजे. ती जिलबीसारखी फिरत गेली असेल तर पीळ आहे.

क्रिंप करताना समोर उभं राहायला लाजू नका. फिटिंग आणि कॉलर त्याच जातीच्या होजसाठी असलेली हवी. रबराची कॉलर टेफ्लॉनवर चालत नाही. होज कॉलरमध्ये पूर्ण टेकेपर्यंत गेला का हे बघायला कडेला पेनाने खूण करतात. क्रिंपनंतर कॉलरचा व्यास व्हर्नियरने मोजून तक्त्याशी ताडतात. जिथे अंदाजाने लिव्हर ओढतात त्या दुकानातून नम्रपणे बाहेर पडा.

आणि धूळ. होज घासणाऱ्या चकतीने कापतात, आतून रबराची काजळी आणि चकतीचे कण चिकटतात. हायड्रोलिक यंत्रात परतीच्या वाटेवर मोठा फिल्टर असतो. गाडीत कूलरहून येणारं तेल फिल्टरमधून जाईलच असं नाही. ते थेट बेअरिंगकडेही जाऊ शकतं. फोमची गोळी हवेने आरपार मारून घ्या, नाहीतर रॉकेलने दोन-तीनदा धुवून, हवा मारून, पांढऱ्या फडक्यावर काही येत नाही ना ते बघा. मग दोन्ही तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद. शेवटी १५-२० बारला एकदा टेस्ट करून मागा. मशीनसमोर दोन मिनिटांचं काम आहे.

## बसवताना

इंजिन थंड हवं. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. खाली ट्रे ठेवा, नळ्या आणि कूलरमधून अर्धा ते एक लिटर तेल येईल. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

नट सोडवताना पाने दोन लागतात. एक नटावर, दुसरा कूलरच्या मानेवर उलट्या दिशेने धरायला. मान पातळ ॲल्युमिनियमची असते, एकाच पान्याने जोर लावला की नटाऐवजी मानच पिळते. आणि हे कळतं गाडी जोडून झाल्यावर, नवीन पाईप लावूनही गळती तशीच राहिली की.

नवीन ओ-रिंग किंवा तांब्याचा वॉशर लावा. जुना वॉशर उलटा करून लावणं ही कंजुषी महाग पडते. उतारावर आणि आट्यांवर स्वच्छ तेलाचं बोट फिरवा. दोन्ही टोकं आधी हाताने पूर्ण बसवा, होज आपल्या वाटेवर मोकळा पडू द्या, मगच पाना. स्टीलच्या जेआयसी जोडाला हाताने घट्ट झाल्यावर नटाच्या सहा बाजूंपैकी साधारण एक ते दीड बाजू फिरेल इतकंच आवळतात. बनवणाऱ्याने टॉर्क दिला असेल तर तो पाळा. ॲल्युमिनियमला त्याहून जपून. नट आणि निपलवर मिळून पेंटची एक रेघ ओढा. पुढे कधीही रेघ तुटलेली दिसली तर नट हलला.

दर ३०-४० सेंटिमीटरला रबर लावलेली पी क्लिप हवी. फिरणाऱ्या भागांपासून बोट-दोन बोटं अंतर, एक्झॉस्टपासून चार इंच. तेवढी जागा नसेल तर होजवर उष्णतारोधक बाही चढवा. इंजिन ऑईलची वाफ २०० अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते आणि चढावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या बराच वर असतो. चार इंचांचा हट्ट यासाठी.

## पहिला स्टार्ट

नळ्या आणि कूलर आता रिकामे आहेत. तसंच स्टार्ट केलं तर ते भरेपर्यंत बेअरिंग कोरडी राहतात. इंधन पंपाचा फ्यूज काढून पाच-पाच सेकंद स्टार्टर मारा, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज लावून चालू करा, रेस न देता दोन मिनिटं खालून बघा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहून तेल भरा. ऑटोमॅटिकमध्ये एटीएफची पातळी मोजायची पद्धत आणि तापमान प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, तेलाची जातही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला.

गॅरेजात पाच मिनिटं चालवून "कोरडं आहे" म्हणणं पुरेसं नाही. बऱ्याच कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट असतो आणि तो तेल ८०-९० अंशांना पोचल्यावरच पूर्ण उघडतो. तोवर नवीन नळ्यांत गरम तेल नीट गेलेलंच नसतं. ठाणे-बेलापूर रोडने वीसेक किलोमीटर फिरवून आणा आणि मग पुन्हा रॅम्पवर चढवा.

## "त्यापेक्षा क्लिप मारून भागवू, नाहीतर कूलरच काढून टाकू"

क्रिंप कापून, पाईपच्या गुळगुळीत टोकावर रबर सरकवून दोन क्लिपा आवळणं हा सर्वांत आवडता जुगाड. एटीएफच्या कमी दाबाच्या नळीत, पाईपच्या टोकाला उठावाचं कडं असेल आणि होज योग्य जातीचा असेल, तर ते टिकतं. इंजिन ऑईलला नाही. गुळगुळीत पाईपवरून गरम, तेलकट रबर दाबाने सरकतं. काही होज क्लिपशिवाय, निपलच्या दातांवर धरायला बनवलेले असतात. त्यांच्यावर क्लिप आवळली तर दात रबर कापतात.

कूलर काढायचाच, तर नळ्यांची तोंडं बंद करणं आणि दोन नळ्या एकमेकींना जोडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळं तेल कूलरमधूनच जाणाऱ्या रचनेत तोंड बंद केलं की इंजिनचं तेलच बंद. दोन्ही जोडून गाडी घरापर्यंत न्यायला हरकत नाही. पण ऑटोमॅटिक गाडी तशीच ठाण्याच्या उन्हाळ्यात वापरत राहिलात तर गिअरबॉक्सचं बिल पाईपच्या बिलाची आठवण पुसून टाकेल.

## कंपनीचाच पाईप कधी घ्यावा?

गाडी वॉरंटीत असेल तेव्हा, दुसरा विचार न करता. टोकांना आटे नसून खटका लावून बसणारी प्लास्टिकची जोडणी असेल तेव्हाही, कारण तिचा पर्याय क्रिंपवाल्याकडे नसतो. आणि पाईप चार-पाच वळणं घेत क्रॉस मेंबरच्या (गाडीच्या पोटाखालच्या आडव्या लोखंडी तुळईच्या) वरून जात असेल तेव्हा. बाकी वेळी मधला मार्ग उत्तम: वळणदार धातूचा भाग चांगला असेल तर तो ठेवायचा, जुनी कॉलर कापून काढायची, त्याच पाईपला नवीन टोक ब्रेझ करून (पितळी डाग देऊन) घ्यायचं आणि फक्त मधला होज नवीन बनवायचा. ब्रेझिंग लोखंडी पाईपवर. ॲल्युमिनियमवर ते करून घ्यायला कसलेला हात लागतो.

आरटीओचा प्रश्न हमखास येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल अशा बदलांबद्दल आहे. आरसीवर होजची नोंद नसते, ही दुरुस्तीच.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. इथलं गटार ठाणे खाडीत जातं, आणि वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून नेहमी तेल बदलणाऱ्या गॅरेजला द्या.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा, सकाळी बघा. १०० किलोमीटरनंतर पेंटच्या रेघा बघा, १,००० नंतर पुन्हा. तोवर जुना पाईप भंगारवाल्याला देऊ नका. तो एका पिशवीत घालून डिकीत ठेवा, पिशवीवर होजचा नंबर, दोन्ही टोकांचे आटे आणि ते 'बारा आणि चार' लिहून ठेवा. नवीन पाईपमध्ये काही चुकलं असेल तर दुकानदाराला दाखवायला तोच नमुना लागेल.